शिशाचा पट्टा

मारामाऱ्या मी आयुष्यात पुष्कळ केल्या, पण हाड एकाच माणसाचं मोडलं. ज्याच्या हातचं दूध पिऊन मी लहानाचा मोठा झालो, त्या दूधवाल्या भैयाचं. उजवं मनगट आणि अंगठ्याचं मूळ. मोडायला वापरला तो माझा पाण्याखाली जायचा पट्टा. पाणबुड्याच्या कमरेला असा पट्टा असतो आणि त्यात शिशाच्या लाद्या ओवलेल्या असतात, म्हणजे माणूस बुचासारखा वर येत नाही. माझ्या पट्ट्यात सहा किलो शिसं होतं. त्याचा दुसरा उपयोग मला खंडेराव गेटच्या आतल्या आमच्या बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, चौथ्या पायरीवर कळला.

मी रेल्वेत कारकून होतो. झाशीत आमच्या घराण्याच्या सात-आठ पिढ्या गेल्या. दफ्तर लिहायला म्हणून आलेली माणसं आम्ही. दफ्तर गेलं, लिहिणं राहिलं. घरात मराठी, दारात हिंदी आणि भांडणात बुंदेली असा आमचा कारभार. संताप मात्र अस्सल घरचा. वडील गेले तेव्हा भांडीकुंडी माझ्यात आणि दादात वाटली गेली, राग तेवढा दोघांना पुरून उरला, असं वहिनी म्हणायची. ती हे हसत म्हणायची, आणि आम्ही दोघंही चिडायचो.

झाशीसारख्या कोरड्या गावात पाणबुड्या कुठून आला, असं लोक विचारतात. बबीनाला एक निवृत्त सुभेदार राहायचे. फौजेत त्यांनी पुलांसाठी पाण्याखालची कामं केलेली. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे दोन सिलिंडर आणि हवा भरायचं स्वतःचं मशीन होतं. बेतवा नदीत किंवा दगडाच्या खाणीत कुणी बुडालं की पोलीस त्यांना बोलावत. मी रविवारी पंचनाम्याचे फोटो काढून द्यायचो. एकदा खाणीच्या काठावर प्रेताची वाट पाहत बसलेलो असताना ते मला म्हणाले, "फोटो ऊपर से क्या खींचता है? नीचे चल."

त्यांनी मला दोन उन्हाळे शिकवलं, आणि शिकवलं म्हणजे बडवलं. पाण्याखाली ते माझा चष्मा उपटून काढायचे, तोंडातली नळी खेचून दूर धरायचे, आणि मी हातपाय झाडले की वर आल्यावर कानाखाली आवाज काढायचे. "गुस्सा ऊपर छोड़ के आ," म्हणायचे. "नीचे गुस्सा हवा खाता है." खोटं नव्हतं. मी चिडलो की माझं सिलिंडर त्यांच्या निम्म्या वेळात रिकामं व्हायचं. हवेच्या काट्यावर स्वतःचा राग मोजता येणारा मी झाशीतला एकटाच माणूस असेन.

पण प्रेतं काढता काढता मला झरे सापडले. जुन्या खाणीच्या तळाशी जिथं झरा फुटतो तिथं पाणी इतकं निवळ असतं की आपण हवेत लटकलोय असं वाटतं. झऱ्याच्या तोंडाशी वाळू भाताच्या आधणासारखी खदखदत असते, आणि हात धरला की थंडी थेट खांद्यापर्यंत चढते. सुभेदारसाहेबांनी कुठूनसा पाण्यातला एक जुना परदेशी कॅमेरा मिळवून दिला. मी काळ्या-पांढऱ्या रोलवर झरे टिपायला लागलो. बबीनापासून गरौठ्यापर्यंत जिथं म्हणून झऱ्याचं पाणी साठलं होतं तिथं मी उतरलो. आमच्या स्वतःच्या बावडीत मात्र एकदाही नाही.

त्याला कारण होतं. बावडीत आमचा गणपती शिरवला जायचा. आमच्या आळीत मराठी घरं मोजून पंधरा, आणि सगळ्यांचा मिळून एक गणपती. शिरवून झालं की पायरीवरची चिमूटभर माती पाटावर घ्यायची, पाठ फिरवायची आणि मागं वळून न बघता घरी यायचं. विसर्जित देव बघू नये. हा नियम आमच्याकडे इतका पक्का होता की दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरतानासुद्धा बायका कळशी तिरकी करून नजर दुसरीकडे ठेवत. देव विरघळला, असं सगळे धरून चालत. आणि तो खरंच विरघळायचाही, कारण तो आळीतल्या कुंभारानं केलेला हातभर मातीचा असायचा. उन्हाळ्यात आळीतले पुरुष गाळ काढायचे, त्यात ती मातीही निघून परसात जायची. पुढं नळ आले आणि गाळ काढणं बंद झालं. नळाला पाणी दोन दिवसांआड यायचं ही गोष्ट वेगळी. पण आम्ही आता नळवाले झालो होतो, गाळात कोण उतरणार?

आणि मूर्ती बदलली ती माझ्यामुळं. रेल्वेत नवा लागलेला, अंगात मस्ती. सबंध शहरात दुर्गेच्या मूर्ती पुरुषभर उंच आणि आपला गणपती हातभर, ही काय चेष्टा आहे, म्हणून मी आळीच्या बैठकीत तोंड टाकलं. पुण्याहून पाच फुटी प्लास्टरचा गणपती गार्डच्या डब्यातून आणवला. वाटेत मुकुटाचा तुकडा उडाला होता. मी दाढीचा आरसा फोडला, त्याचे तुकडे मुकुटात बसवले, आणि तो असा काही झळकायला लागला की हिंदी शेजारीसुद्धा मुद्दाम बघायला आले. शिरवायच्या दिवशी तो आम्हा चौघांना पेलेना. तेव्हा बावडीमागच्या गोठ्यातून दूधवाला भैया आला, म्हणाला, "हटो, तुमसें नइँ होने," आणि त्यानं पाटाखाली आपला उजवा हात घातला. बुडबुडे येईपर्यंत आम्ही थांबलो आणि मग सगळ्यांनी पाठ फिरवली. त्यानंतर दर वर्षी प्लास्टरचाच गणपती आला. असे नऊ झाले.

बावडीचं पाणी हळूहळू बसत गेलं. आधी उन्हाळ्यात खालच्या पायऱ्या उघड्या पडायला लागल्या, मग थंडीतही. पावसाळ्यात वरून भरलं तरी होळीपर्यंत उतरायचं, आणि उरायचं ते हिरवं, वासाचं. झरा मेला, म्हातारे म्हणाले. का मेला, हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. आणि भैयानं नेमकं त्याच सुमाराला गोठ्यात बोअर मारलं.

भैया काही साधुसंत नव्हता. तोंडाचा फाटका होता आणि दुधात पाणी घालायचा. बोअर मारल्यावर वहिनी त्याला विचारायची, "भैयाजी, अब तो सीधा बोर से ही दूध आता होगा?" तो खो खो हसायचा आणि ओंजळभर दूध जास्त ओतायचा. त्याच्याकडे वीसेक म्हशी होत्या. थान मुठीत धरून तो अंगठ्याच्या पेरानं असं दाबायचा की धार बादलीत वाजायची. लहानपणी मी त्या आवाजानं उठायचो.

त्या वर्षी मे महिन्यात पाण्यावरून रोज भांडणं व्हायला लागली. केस ओढले जायचे, घागरी चेपायच्या, पुरुष मध्ये पडले की दात पडायचे. मी स्वतः एकाला पायऱ्यांवरून ढकलून दिलं होतं आणि तो लंगडत गेला तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्या दुपारी मी बबीनाहून स्कूटरवर परत आलो. पिशवीचा बंद तुटला होता म्हणून शिशाचा पट्टा खांद्यावर टाकलेला. बावडीपाशी गर्दी होती. वहिनी चौथ्या पायरीवर बसली होती आणि तिच्या बोटांमधून रक्त गळत होतं. एका बाईनं तिच्या कपाळावर तांब्याची कळशी हाणली होती. खरं तर आधी केस वहिनीनं धरले होते. पण ते मला नंतर कळलं, आणि तेव्हा कळलं असतं तरी काय फरक पडणार होता.

दादा वरच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. तेवढ्यात भैया सायकलला दोन कॅन लावून आला. पाणी आणलं होतं त्यानं, बोअरचं. एक कॅन वहिनीपुढं ठेवून म्हणाला, "लो बहू, पैलें खून धो लो."

दादानं ते कॅन लाथेनं उडवलं. "देख लो सब," तो म्हणाला. "हमारी बावड़ी सूखी, और इसके पास कैन भर-भर के पानी है."

कुणाच्या तरी मनात होतं ते दादा बोलला, आणि मग ते सगळ्यांच्या तोंडात आलं. पाणी घेऊन आला हाच त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. लोकांनी त्याची सायकल आडवी केली. भैया घाबरला नाही, चिडला. तो सरळ माझ्याकडे वळला, कारण त्या घोळक्यात मीच त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेला होतो. "अपनो कुआँ तो साफ करत नइयाँ," तो म्हणाला, "और दोस देत औरन खों."

स्वतःची विहीर साफ करायची नाही आणि दोष दुसऱ्याला, हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. खोटं बोलला असता तर मी शिवी देऊन गप्प बसलो असतो. मी खांद्यावरचा पट्टा ओढला आणि फिरवला. त्यानं डोकं वाचवायला उजवा हात वर धरला. शिशाची लादी मनगटावर बसली आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. हात खाली आला, त्यानं तो पायरीवर टेकला, आणि मी त्या टेकलेल्या हातावर पुन्हा मारलं. एक वार रागात झाला असं म्हणता येईल. मी दोन केले, आणि दुसऱ्याच्या वेळी मला अंगठा स्पष्ट दिसत होता.

पुढचं सगळं आळीनं केलं. गोठ्यात घुसून मोटार फोडली, बोअरच्या पाइपात दगड आणि गिट्टी कोंबली. म्हशी दावी तोडून गल्लीत पळाल्या, एक रेडकू तुडवलं गेलं. दुधाची घागर सांडली होती त्यात लोकांच्या चपला बरबटल्या. मी चौथ्या पायरीवरच उभा होतो. पट्ट्याला रक्त नव्हतं, फक्त थोडी कातडी चिकटली होती. ती मी बोटानं काढली.

सरकारी दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला येणार होते. दादानं मला तिथं पाठवलं. "काही बोलू नकोस," तो म्हणाला. "नुस्ता दारात उभा राहा. त्याला दिसशील असा." मी राहिलो. डॉक्टर चष्मा नाकावर ओढून लिहीत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कैसे हुआ?"

भैयानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भैंस ने लात मार दी."

"दो जगह टूटा है. दो बार मारी?"

"हओ. दो बार."

डॉक्टरांनी लिहिलं, पोलिसानं सही घेतली. घरी आल्यावर दादानं सुटकेचा श्वास सोडला आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला. कपाळावर पट्टी बांधलेल्या वहिनीनं चहा टाकला, पण माझा कप माझ्यासमोर न ठेवता चुलीपाशीच ठेवून ती निघून गेली.

प्लास्टर निघालं तेव्हा भैयाचा अंगठा वळत नव्हता. डावा हात एकटा काय करणार, आणि अनोळखी हाताला म्हशी दूध देत नाहीत. एकेक म्हैस जायला लागली. उरलेल्या गरौठ्याला भावाकडे पाठवून स्वतःही तिकडं निघून जायचं, असं त्यानं ठरवलं, हे आळीत सगळ्यांना कळलं. त्याच्या बापानं तो गोठा घातला होता. माझी झोप तेव्हा उडाली. मला एकच गोष्ट हवी होती: मी बरोबर होतो, एवढं कुणीतरी सिद्ध करून द्यावं.

कारण पाणी आलं नव्हतं. बोअर बुजवून महिना झाला तरी बावडी तशीच हिरवी. दादा म्हणाला वेळ लागतो. मग म्हणाला त्याचं चोरून दुसरं बोअर असेल. मी म्हटलं, मी खाली जातो आणि झऱ्याचं तोंड टिपून आणतो. उत्तरेच्या भिंतीत तळाशी झऱ्याचं भोक आहे, हे म्हातारे सांगत. ते कोरडं दिसलं की झालं. बोअरनंच झरा शोषला, भैया चोर, आणि माझा हात उगाच उठला नाही. फोटो असला की मला निजता येईल, असा माझा हिशेब होता.

वहिनीनं मला दारात अडवलं. "भाऊजी, विसर्जित देव बघू नये."

"मी झरा बघायला चाललोय," मी म्हटलं.

"बघायचं ते दिसतंच असं नाही," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

दुपारी बाराच्या सुमाराला उतरलो, ऊन विहिरीत सरळ पडतं तेव्हा. सुभेदारसाहेब दोरी धरून पायरीवर. पाणी उरलं होतं जेमतेम अडीच पुरुष, पण वरचा थर इतका दाट हिरवा होता की स्वतःचा हात दिसेना. दोरीच्या आधारानं खाली गेलो. नासलेल्या निर्माल्याचा लगदा, नारळ, बांगड्या. मग टॉर्चच्या उजेडात एक पांढरा हात आला. मी इतकी प्रेतं काढली होती, पण नळीतून ओरडलो तो त्या दिवशी. हात प्लास्टरचा होता.

ते सगळे तिथंच होते. नऊच्या नऊ. एकही विरघळला नव्हता. रंग गेले होते, कुणाची सोंड तुटली होती, कुणी गाळात छातीपर्यंत रुतलेला, कुणी पालथा. तळाला उत्तरेकडे उतार होता, त्यामुळं एकावर एक सगळे त्या भिंतीकडे घसरत गेलेले. मी त्यांच्या खांद्यांवरून सरकत भिंतीपाशी पोचलो. सगळ्यात पुढचा गणपती भिंतीला पाठ लावून अडकून बसला होता, डोक्याच्या मागच्या बाजूपासून कमरेपर्यंत भोकात पक्का ठासलेला. बाकीचे आठ त्याच्यावर रेलून त्याला आणखी दाबत होते. मी उजेड मारला आणि मुकुटातून पन्नास ठिकाणी तो माझ्या डोळ्यांत परत आला. आरशाचे तुकडे. माझ्या दाढीच्या आरशाचे.

मी त्याच्या कानापाशी तळवा धरला. फटीतून थंड पाण्याची बारीक धार येत होती, पार खांद्यापर्यंत जाणारी थंडी. झरा जिवंत होता. महिनोन् महिने तो आतून ढकलत होता आणि आम्ही बाहेरून त्याला बूच मारून ठेवलं होतं. अपनो कुआँ तो साफ करत नइयाँ. मला ते वाक्य पाण्याखाली इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी मागं वळून पाहिलं.

उरलेला रोल मी तिथंच संपवला. मग वर आलो आणि सुभेदारसाहेबांकडे पहार मागितली. त्यांनी माझ्या हवेचा काटा पाहिला, निम्म्याहून खाली. "क्या है नीचे?"

"गणपति."

त्यांनी पहार दिली आणि दोरी कमरेला दुहेरी बांधली.

मी देव फोडला. शांतपणे, भक्तिभावानं वगैरे नाही. दातओठ खात फोडला. पहार खांद्यात घातली, पोटात घातली, मुकुटावर घातली. मला त्याचा राग आला होता, माझा आला होता, दादाचा आला होता, पाणी घेऊन आलेल्या त्या माणसाचासुद्धा आला होता. डोकं सुटलं, घरंगळलं, आणि त्याच क्षणी भिंतीतून पाणी सुटलं. इतक्या दिवसांचं कोंडलेलं. गाळाचा लोट तोंडावर आला, मी मागं फेकला गेलो, सिलिंडर दगडावर आदळलं आणि चष्मा गेला. तोंडातली नळी निसटली. काळोख, थंडी, आणि प्लास्टरचे हातपाय अंगावर येत होते. तेव्हा सुभेदारसाहेबांनी दोरी ओढली. पायरीवर आणून पाडलं आणि पहिली थोबाडीत मारली. माझ्या नाकातून रक्त येत होतं. पण मी हसत होतो, कारण माझ्या पाठीमागं पाणी वाजत होतं.

दोन दिवसांत पाच पायऱ्या बुडाल्या, आठवड्यात पाणी निवळलं. आळीनं बावडीला तोरण बांधलं. दादानं नारळ फोडला. मी गाळ उपसून आलो एवढंच लोकांना माहीत होतं, आणि मीही रोल धुऊन होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. तोवर कुणी गप्प बसतंय होय? "बोर बंद हुआ तो पानी आया," असं शेवटच्या घरापर्यंत पोचलं. भैया चोर होता हे आता पाण्यानंच सिद्ध केलं होतं. पायरीवर पाणी भरता भरता बायका त्याच्या गोठ्याकडे बघून थुंकायच्या.

मी फोटो मोठा केला, जेवणाच्या ताटाएवढा, आणि आधी दादाला दाखवला. त्यानं बराच वेळ पाहिला. मुकुट त्यानंही ओळखला.

"जाळून टाक," तो म्हणाला. "काचसुद्धा ठेवू नकोस त्यातली."

"त्याचा हात मोडला मी."

"पाणी आलं ना? मग झालं तर. आपण पंधरा घरं आहोत इथं. ह्या लोकांत रहायचंय आपल्याला. उद्या सगळं शहर म्हणेल, ह्या दच्छिनी मराठी लोकांनी आपल्याच देवानं झरा बुजवला आणि गरिबाला मारलं."

"मारलंच ना?"

तेव्हा त्यानं माझ्या तोंडात मारली. वडिलांसारखीच, उलट्या हातानं.

मी फोटो घेऊन भैयाकडे गेलो. गोठ्यात शेण वाळलं होतं. शेवटची म्हैस टेम्पोत चढत नव्हती आणि दोन माणसं तिला मागून रेटत होती. ती गरौठ्याला गेली तेव्हा भैयानं माझ्याकडे लक्ष दिलं. मी फोटो पुढं केला. त्यानं तो डाव्या हातात घेतला, उजव्यानं तो धरता येत नव्हता. "जे तो वोई हैं," तो म्हणाला. "काँच वारे. हमने उठाए हते." मग त्याला सगळं समजत गेलं, ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. मी पाय धरायला वाकलो, तो मागं सरकला. फोटो परत देत म्हणाला, "हमें काय दिखा रए? जितै मारो हतो, उतई दिखाओ."

तिसऱ्या दिवशी सकाळी, सगळी आळी पाणी भरत असताना, जिथं त्याला मारलं होतं त्याच चौथ्या पायरीवर मी उभा राहिलो. ती आता पाण्याखाली होती; माझ्या पिंढऱ्या बुडल्या. मी फोटो डोक्यावर धरला आणि हिंदीत सांगितलं, सगळ्यांना कळेल असं. झरा बोअरनं नाही, आपल्या गणपतींनी बुजवला. भोकात अडकलेला पहिला गणपती मी आणला होता. मीच तो पहारीनं फोडला. भैयाचा हात मोडला तोही मीच, म्हशीनं नाही.

'पहारीनं फोडला' एवढंच लोकांनी ऐकलं असावं. पहिला हात दादाचा होता. मग बाकीचे आले. माझ्या पाठीवर घागर फुटली, कुणीतरी केस धरून तोंड पाण्यात दाबलं, बरगडीवर लाथ बसली आणि तीच जागा दुसऱ्यानं शोधून पुन्हा मारली. पाण्याखाली डोळे उघडे होते. फोटो शेजारून तरंगत गेला, मुकुट वर करून. मला राग आला नाही, ही त्या दिवशीची सगळ्यात विचित्र गोष्ट. त्यामुळं की काय, हवा बरीच पुरली.

मला बाहेर काढलं ते वहिनीनं आणि भैयानं. भैयानं डावा हात काखेत घातला आणि ओढलं. त्याच्याच सायकलच्या मागं बसवून त्यानं मला दवाखान्यात नेलं, एका हातानं हँडल धरून.

तेच डॉक्टर होते, तसाच चष्मा नाकावर. एका बाकावर भैया बसला. थोड्या वेळानं दादा आला आणि दारात उभा राहिला, मला दिसेल असा. त्याच्या सदऱ्याची बाही ओली होती आणि ओठ थरथरत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मला धमकवायला आला होता की घाबरून, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याच्यामागं घर होतं, वहिनी होती, पंधरा घरं होती आणि मला तिथंच परत जायचं होतं.

"कैसे हुआ?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

"भैंस ने लात मार दी," मी म्हणालो.

डॉक्टर लिहायला लागले. बाकावरून भैयानं हळूच विचारलं, "कौन-सी भैंस?"

त्याच्या गोठ्यात एकही म्हैस उरली नव्हती, आणि हे त्या खोलीत डॉक्टर सोडून आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.